वरचं दूध

माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन ७.६ निघालं तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. या वयात ते ११ च्या आसपास किंवा त्याहून वर असायला हवं. पोरगी दिसायला गुबगुबीत होती आणि रंगानं उजळत चालली होती. गावाकडून व्हिडिओ कॉल आला की सगळे म्हणायचे, बंगळुरूची हवा मानवली, लेकरू गोरं झालं. खरं तर अंगात रक्तच नव्हतं. पण आपल्या घरांत उजळ रंगाची हौस इतकी भरलेली आहे की लेकरू पांढरंफटक पडलं तरी आपण खूश होतो.

ती भिंतीचा चुना बोटानं खरवडून चाटायची. दिवसभर किरकिरायची. तीन-तीन दिवस तिला शी व्हायची नाही. जेवायला बसवलं की तोंड फिरवायची. डॉक्टरबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "दूध किती पिते?"

ताई अभिमानानं म्हणाली, "एक लिटर. नंदिनीची अर्ध्या लिटरची दोन पाकिटं. एक थेंब टाकत नाही."

"मग जेवण कुठं मावणार?" डॉक्टर म्हणाल्या. "हिला दुधानंच उपाशी ठेवलंय."

ताई तिथंच रडायला लागली. लेकराला पोटभर दूध मिळावं म्हणून तिनं स्वतःचा चहासुद्धा कोरा केला होता. हा लेख मी ताईला दोष द्यायला लिहीत नाहीये. तिच्या हातात ती दुधाची बाटली कुणी दिली, हा माझा प्रश्न आहे.

आम्ही उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यातले बौद्ध. घरातली पहिली ग्रॅज्युएट ताई, दुसरी मी. ताईनं बी.एस्सी. केलं, लग्नानंतर दाजींच्या नोकरीपायी बंगळुरूला आली आणि इथं एका कंपनीच्या बॅक ऑफिसात लागली. मी पुढं समाजशास्त्रात पीएच.डी. करायला याच शहरात आले. ताईची बाळंतपणाची रजा संपली आणि सातव्या महिन्यात लेकराला वरचं दूध सुरू झालं.

'वरचं दूध' हा आपला जुना शब्द. आईच्या दुधाला जोड म्हणून वरून दिलेलं ते वरचं. पण आपल्यासारख्यांच्या मनात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला असतो. दूध हे वरच्यांच्या घरातलं. शाळेत गुरुजी विचारायचे, सकाळी काय खाऊन आलात? पुढच्या बाकावरची पोरं सांगायची, दूध-बिस्किट. आम्ही भाकरी आणि रात्रीचं कोरड्यास खाऊन गेलेलो असायचो आणि खोटंच सांगायचो, दूध. आपल्या लेकीवर हे खोटं बोलायची वेळ येऊ द्यायची नाही, हे ताईनं बहुधा चौथीतच ठरवून टाकलं होतं.

दुसरं कारण घर. बंगळुरूत भाड्यानं घर शोधलेल्या आपल्या प्रत्येकाला 'व्हेजिटेरियन्स ओन्ली' ही पाटी ओळखीची आहे. इथं जात विचारावी लागत नाही, ताटात काय असतं एवढं विचारलं की काम भागतं. दहा घरांचा नकार पचवल्यावर ताई-दाजींना दक्षिण बंगळुरूत घर मिळालं ते याच अटीवर. मटण-मासे दूरच, अंडंही शिजवायचं नाही. मालक खालच्याच मजल्यावर राहतात.

लेकराला सांभाळायला गावाहून माय आली होती. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "लेकराला अंडं दे, काळजाचा तुकडा उकडून भातात कुस्करून दे. नुसत्या दुधानं कुठं रगत व्हतंय का?" ताई म्हणायची, "माय, हळू बोल. खाली वास गेला तर घर जाईल." मी तिथंच बसलेली असायचे. अन्न आणि जात या विषयावर सेमिनारात पेपर वाचलेली मी. आणि मीही मायलाच गप्प केलं. म्हणाले, "माय, डॉक्टर सांगतात तसं करू दे तिला." कुठल्याही डॉक्टरनं असं काही सांगितलेलं नव्हतं. जाहिरातीत पाहिलेलं, ऑफिसातल्या मैत्रिणींकडून ऐकलेलं, सोसायटीच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलेलं आम्ही डॉक्टरच्या तोंडी घातलं. तीन लेकरं वाढवलेली अंगठाछाप माय बरोबर होती आणि तिच्या दोन पदवीधर मुली चुकत होत्या.

आता शास्त्र काय सांगतं ते नीट बघू, कारण आपल्याला कळलं पाहिजे ते नेमकं इथंच आहे.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, यावर जगभर एकमत आहे. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढंही चालू ठेवायचं. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत देऊ नये, असं बहुतेक बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्याची कारणं साधी आहेत. गाईच्या दुधातली प्रथिनं आणि क्षार वासराच्या वाढीच्या मापाचे असतात, बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळं डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होतो. शिजवलेल्या खाण्यात थोडं दूध किंवा चमचाभर दही सहा महिन्यांनंतर चालतं. जिथं आईचं दूध मिळणंच शक्य नाही, तिथं काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. पण बाटलीभर दूध हेच जेवण, ही पद्धत चूक.

वर्ष झाल्यावर दूध द्यायला हरकत नाही. चांगलंच आहे ते. कॅल्शियम, प्रथिनं, बी-१२ त्यातून मिळतं. पण त्याला माप आहे. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ नका म्हणतात. त्यामागचं गणित समजून घ्या. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम लोह आहारातून लागतं. लिटरभर दुधात ते असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन बाकीच्या जेवणातल्या लोहालाही अंगी लागू देत नाही. शिवाय लिटरभर दुधातून सहाशेच्या आसपास कॅलरी पोटात जातात. वर्षाच्या मुलाची दिवसाची भूक हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे निम्म्याहून जास्त भूक दुधानंच मारली. मग वरण-भात थुंकला जातो, आई घाबरते, आणि 'काहीच खात नाही, निदान दूध तरी पिऊ दे' म्हणून आणखी एक बाटली भरते. आमच्या घरात सात महिने हेच चाललं होतं.

हे एका घराचं दुखणं असतं तर मी लिहिलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. कर्नाटकात ६५.५ टक्के, महाराष्ट्रात ६८.९ टक्के. आदल्या फेरीपेक्षा हे आकडे तिन्हीकडं वाढलेले आहेत. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात ११.३ टक्के. आणि हाच देश १९९८ पासून जगात सगळ्यांत जास्त दूध पिकवतो. दुधामुळं देश रक्तक्षयी झाला असं मी म्हणत नाही. गरिबी, जंत, आईच्याच अंगात नसलेलं रक्त अशी बरीच कारणं आहेत. मी एवढंच म्हणते की दुधाचा महापूर आणून पोरांच्या अंगात रक्त आलेलं नाही, येणारही नाही, कारण रक्त ज्यानं होतं ते दुधात नाही.

मग 'दूध म्हणजे पूर्णान्न' हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं कसं बसलं?

लहानपणी ऐकलेली अश्वत्थाम्याची गोष्ट आठवा. द्रोणाच्या घरी दारिद्र्य, पोराला दूध मिळत नाही, मग पाण्यात पीठ कालवून त्याला दूध म्हणून पाजलं जातं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशीच ती सांगितली जाते. आमच्या वस्तीत पिठाचं पाणी पिऊन वाढलेली पिढ्यान्‌पिढ्यांची लेकरं आहेत, त्यांच्यावर कुणी महाकाव्य रचलं नाही. ब्राह्मणाच्या एका पोराला दूध न मिळणं ही शोकांतिका ठरते. पुढं त्याच द्रोणानं एकलव्याचा अंगठा मागितला, ती मात्र गुरुभक्तीची गोष्ट म्हणून शिकवली जाते.

दूध-तूप आपल्यापर्यंत पोचू नये याचा बंदोबस्त तर काठ्या घेऊन केला गेला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या जातभाईंना जेवण घातलं आणि त्यात तूप वाढलं. गावातले सवर्ण शेकड्यांनी लाठ्या घेऊन चालून आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारलं. गुन्हा एवढाच की यांनी तूप खाल्लं.

हे जुनं झालं, असं कुणी म्हणेल. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचं 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' हे पुस्तक २००६ साली आलं. अकरा राज्यांतली ५६५ गावं त्यात पाहिली गेली. दूध सोसायट्यांच्या बाबतीत जवळपास निम्म्या गावांत दलितांचं दूध घेतलं जात नव्हतं आणि सुमारे पाव गावांत त्यांना दूध विकतही घेऊ दिलं जात नव्हतं. म्हैस दलितानं पाळायची, चारा त्यानं आणायचा, धार त्यानं काढायची, आणि सोसायटीच्या कॅनपाशी ते दूध विटाळायचं. पांढऱ्या रंगाला जात नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुस्तक वाचावं.

तेव्हा दूध 'त्यांचं' आहे म्हणून सोडून द्या, असं मी मुळीच सांगत नाहीये. दुधावर आपला हक्क आहे आणि तो आपण घेऊ. माझं भांडण आहे ते दूध पुढं करून आपल्या पोरांच्या ताटातली दुसरी वस्तू काढून घेण्याशी.

ते भांडण या कर्नाटकातच नीट दिसतं. १ ऑगस्ट २०१३ ला सिद्धरामय्या सरकारनं क्षीरभाग्य योजना सुरू केली. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आणि अंगणवाड्यांतल्या मुलांना १५० मिलिलिटर दूध. योजना चांगली, केएमएफकडं साठणाऱ्या दूध भुकटीलाही गिऱ्हाईक मिळालं. त्या दुधाला कुणी विरोध केला नाही. एकही मोर्चा निघाला नाही. आता अंड्याचं बघा. डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, रायचूर, कलबुर्गी, यादगीर, कोप्पळ, बळ्ळारी आणि विजयपुरा या सात जिल्ह्यांत शाळेत अंडी द्यायला सुरुवात झाली. राज्यातले सगळ्यांत कुपोषित जिल्हे हे. लगेच काही लिंगायत मठाधीश आंदोलनाची भाषा बोलू लागले. अंडं नको असणाऱ्या मुलांना केळं मिळत होतं, तरीही. शेजारी बसलेल्यानं अंडं खाल्लं तरी यांचं पावित्र्य धोक्यात येतं. तेव्हा गंगावतीच्या एका शाळकरी मुलीचा व्हिडिओ फिरला होता. अंडी बंद केलीत तर तुमच्या मठात येऊन खाऊ, असं तिनं स्वामींना सुनावलं. अन्नाच्या राजकारणावर मी वाचलेल्या कित्येक प्रबंधांपेक्षा त्या पोरीला जास्त कळलं होतं.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, नव्या शैक्षणिक धोरणासाठी कर्नाटकात तयार झालेल्या एका पोझिशन पेपरमध्ये लिहिलं गेलं की भारतीयांची शरीरयष्टी लहान, त्यामुळं अंडी आणि मांस नेमानं खाल्लं तर जीवनशैलीचे आजार होतात. ज्या मुलांची उंची भुकेनं खुंटली त्यांना कोलेस्टेरॉलची भीती घालणारे हे तज्ज्ञ. याच बंगळुरूत २००० साली सुरू झालेली आणि आज देशभर लाखो मुलांना शाळेत जेवण पुरवणारी अक्षय पात्र ही संस्था अंडं देत नाही. कांदा-लसणालाही तिच्या स्वयंपाकघरात जागा नाही, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं ते घालायला सांगितलं तेव्हा तिनं नकार दिला. पैसा जनतेचा, पोरं बहुतेक बहुजनांची, आणि पथ्य देवळाचं.

कर्नाटकात २०२२ पासून अंडी राज्यभर झाली. पुढं २०२४ मध्ये आठवड्याचे सहा दिवस अंडं देता यावं म्हणून अझीम प्रेमजी फाउंडेशननं तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये देऊ केले. पैसे आले ते बरंच झालं, पण हक्काची गोष्ट देणगीदाराच्या मर्जीवर किती दिवस ठेवायची? मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला आणि दूध-केळी देऊ म्हणाले. आणि आपला फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र? नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा, फक्त एकदा, अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला. अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावीत, म्हणे. कुंभमेळ्याला वर्गणी काढा असं सरकार कधी म्हणाल्याचं ऐकलंय?

अंड्याची बढाई मारायचं कारण नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं आणि मिलिग्रॅमभर लोह असतं, आणि ते लोह सगळंच अंगी लागत नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं देऊन पाहिलं तेव्हा खुंटलेल्या वाढीचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं. मलावीत तसाच प्रयोग झाला तेव्हा उंचीत असा फरक दिसला नाही. एकच पदार्थ जादू करतो असं कुठंच नसतं, ना अंडं, ना दूध. पण सहा महिन्यांपासून मऊ करून देता येणारं, भेसळ न करता येणारं, स्वस्त आणि घरोघरी शिजणारं असं दुसरं काय आहे?

लोहाचा खरा साठा काळजात आणि लाल मांसात. मायला हे ठाऊक होतं, कारण आपल्या वस्त्यांतल्या बायकांनी काहीही वाया न घालवता लेकरं जगवली आहेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली आहे, ती वाचताना मला पहिल्यांदा कळलं की रक्ती, वजडी, चान्या हे फक्त दारिद्र्याचे पदार्थ नाहीत, त्यात अंगाला काय लागतं याचं पिढीजात ज्ञान आहे. त्या ज्ञानावर आता कायद्याची कुऱ्हाड पडली. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांशिवाय काहीच उरलं नाही. गरिबाला परवडणारं लोह त्याच्या ताटातून काढायचं आणि त्याच गाईचं दूध त्याच्या पोराला पूर्णान्न म्हणून पाजायचं, असा हा व्यवहार आहे.

इथं आपल्यातलेच काही म्हणतील, बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितलं होतं. नीट वाचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. गावानं फेकलेलं उचलू नका, मानानं जगा, असा त्याचा अर्थ. बाजारातून स्वतःच्या पैशानं आणलेल्या मटणाची, अंड्याची लाज बाळगा, असं त्यांनी कुठंही सांगितलेलं नाही. आपल्या बापजाद्यांनी स्वाभिमानासाठी जे सोडलं त्याचा आधार घेऊन आपण सोसायटीतल्या लोकांच्या भीतीनं जे लपवतो त्याला स्वाभिमान म्हणू नये.

दुसरा आक्षेप येतो, शाकाहारी घरांतली पोरं काय वाढत नाहीत? वाढतात. जिथं डाळ, कडधान्यं, पालेभाजी, वर लिंबू, तूप, सुकामेवा आहे, दिवसातून पाच वेळा भरवायला घरात मोकळं माणूस आहे आणि वेळेवर डॉक्टर आहे, तिथं शाकाहारावरही मूल छान वाढतं. कुणाला तसं वाढवायचं असेल तर खुशाल वाढवावं. पण ज्या आईला सकाळी सातला कारखान्याची बस पकडायची आहे तिला तो आहार 'सात्विक' म्हणून सांगणं आणि अंडं काढून घेणं, ही निवड नव्हे. बंगळुरूच्या कपडा कारखान्यांतल्या बायकांशी माझ्या संशोधनासाठी बोलताना हे वारंवार ऐकलंय. फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४८ नं तीसहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केलं होतं. बायका सांगतात, पाळणाघर असलं तर लांब, किंवा नावापुरतं. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच पाणी घातलेलं वरचं दूध सुरू होतं.

आणि या शहराची दुसरी बाजूही बघा. काचेच्या बाटलीत देशी गाईचं 'ए-टू' दूध दुप्पट-तिप्पट भावानं दारात येतं, त्यात संस्कारही मिळतात असं वाटावं अशी जाहिरात असते. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ए-वन, ए-टू हे दावे दिशाभूल करणारे आहेत म्हणून काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागंही घेतला. ताईनंही दोन महिने ते दूध लावलं होतं. पगारातले पैसे घालून आम्ही लेकरासाठी रक्तक्षय विकत घेत होतो.

म्हणून मला आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांशी बोलायचं आहे. डिग्री मिळाली की आपण आधी भाषा बदलतो, मग कपडे, मग देव्हारा नसला तरी ताट बदलतो. काही बदल चांगलेच असतात. पण दवाखान्यात, ऑफिसात, सोसायटीत आपण ज्याला 'सुशिक्षित पद्धत' म्हणून मान डोलावतो त्यातलं विज्ञान किती आणि सवर्ण घरातली सवय किती, हे तपासायला आपण शिकलोय ना? तेवढ्यासाठी तरी शिकलोय ना?

घरात किंवा शेजारी लहान लेकरू असेल तर एवढं करा. सहा महिन्यांआधी वरचं काही नको. सहा महिने झाले की घट्ट वरण-भात, खिचडी, कुस्करलेलं अंडं, घरात चालत असेल तर बारीक केलेलं मांस सुरू करा. काळीज आठवड्यातून एखाद वेळा, थोडंसंच, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. गाईचं-म्हशीचं दूध पेय म्हणून वर्षानंतर, उकळून, कपानं, दिवसाला दोन कपांच्या आत, आणि जेवणाच्या जागी नाही, जेवणानंतर. बाटली घरात नकोच. लेकरू फिकट दिसत असेल, माती-चुना खात असेल तर रक्त तपासा. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताईंमार्फत लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा फुकट द्यायचं असतं. ते मागून घ्या, मिळत नसेल तर लेखी विचारा. किती आणि किती दिवस द्यायचं ते आजारी लेकराच्या बाबतीत डॉक्टरच ठरवतील. आणि अंगणवाडीच्या, शाळेच्या सभेला जा. अंड्याविरुद्ध बोलायला नेहमी कुणीतरी हजर असतं, अंड्याच्या बाजूनं उभं राहायला शिकलेलं कुणी नसतं.

माझ्या भाचीला औषध सुरू झालं, दूध दोन कपांवर आलं. पहिला आठवडा ती बाटलीसाठी रडली, नंतर भुकेनं जेवायला लागली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं. तोवर ताई-दाजींनी घर बदललं होतं. नव्या घराचं भाडं चार हजारांनी जास्त आहे आणि दाजींना ऑफिस एक तास लांब पडतं. आमच्या लेकराच्या अंड्याची या शहरातली किंमत ती आहे. ज्यांना चार हजार जास्त भरता येत नाहीत त्यांची लेकरं अजून त्याच पाटीच्या घरात दुधावर आहेत.

नव्या घरात पहिल्या रविवारी मायनं काळीज आणलं. फोडणी दिल्यावर ताई सवयीनं खिडकी लावायला उठली. माय म्हणाली, "राहू दे उघडी."

जय भीम.